रिकामा आलेला डबा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि अभिमान पोटात ठेवून वर नम्र बोलायची कला मला अजून जमलेली नाही. आज्याच्या मागं मेंढरं होती. बापानं मेंढरं विकून ऊस लावला. मी बारामतीला राहून बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. डिग्रीच्या कागदावर माझं एकटीचं नाव आहे आणि ते बरोबरच आहे, परीक्षेला मीच बसले होते. पण ती तीन वर्षं मला जेवायला कुणी घातलं, ते त्या कागदावर कुठं नाही. ते इथं लिहिते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, भिगवणहून आत. गावात मुक्कामी एस.टी. यायची. रात्री यायची, देवळापुढं थांबायची आणि सकाळी बारामतीला सुटायची. त्या सकाळच्या गाडीत माणसांइतकेच डबे असायचे. बारामतीत शिकणाऱ्या पोरापोरींच्या आया पहाटे उठून भाकरी थापायच्या, डबा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायच्या आणि कंडक्टरच्या ताब्यात द्यायच्या. कंडक्टर मामा ते ड्रायव्हरच्या मागच्या कप्प्यात रचायचे. कुणाचा डबा कुठला हे कापडावरून ओळखायचं. माझ्या आईचं कापड अंजिरी, त्याच्यावर पिवळी नक्षी. ते लुगडं तिनं माझ्या मामाच्या लग्नात नेसलं होतं.

तेव्हा, म्हणजे नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, कॉलेज भर गावात होतं. स्टँडच्या मागनं एक गल्ली निघायची ती सरळ कॉलेजच्या फाटकावर जाऊन थांबायची. मुलींचं हॉस्टेलही त्याच गल्लीत, खाली पतपेढी आणि वर आम्ही. गल्ली लहान, पण सकाळी तिथनं चालायचं म्हणजे जत्रेतनं चालल्यासारखं. बाइंडिंगवाला, भाड्याच्या सायकली, मिसळीचं हॉटेल, एक फोटो स्टुडिओ. स्टुडिओच्या काचेत गॅदरिंगचे फोटो लावलेले, आणि आपला फोटो लागलाय का ते बघायला मुली येताजाता तिथं रेंगाळायच्या. कॉलेजला सुट्टी लागली की हॉटेलवाला भजी कमी तळायचा. गल्लीचं सगळं घड्याळच कॉलेजच्या घंटेवर चालायचं.

ह्या गल्लीच्या मधोमध काकूंचं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं, ‘लेडीज टेलर व स्टेशनरी’. पुढं काचेच्या कपाटात बांगड्या, रिबिनी, टिकल्या, वह्या, रिफिली. मागं शिलाई मशीन आणि त्याच्याही मागं पडदा लावून केलेली एक खोली. काकूंचे यजमान सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यात होते. त्यांना तिथं क्वार्टर होतं, आणि ते सुट्टीच्या दिवशी तेवढे बारामतीला यायचे. दोन मुली होत्या. दोघींची लग्नं दहावी होताच झाली. काकू एकदा फॉल लावता लावता म्हणाल्या होत्या, “माझ्या पोरी तुमच्या कॉलेजच्या भिंतीला लागून वाढल्या गं, पण आत काही गेल्या नाहीत.” आणि पुन्हा सुईत डोकं घातलं.

आमचे डबे काकूंच्या दुकानात उतरायचे. हे कुणी कधी ठरवलं मला माहीत नाही. मी आले तेव्हा ते असंच चालू होतं. कंडक्टर मामा स्टँडवर उतरले की डब्यांची पिशवी काकूंच्या ओट्यावर आणून ठेवायचे आणि बदल्यात एक कप चहा प्यायचे. दुपारी लेक्चरं सुटली की आम्ही पाचसहा जणी पडद्यामागच्या खोलीत गोल बसायचो. काकू आमटी करून ठेवायच्या. कुणाची मटकी, कुणाचं शेंगोळं, कुणाचा नुसता ठेचा, असं सगळं मध्ये यायचं. माझी एक मैत्रीण पिंपळीची होती. ती रोज घरून जाऊनयेऊन करायची, स्वतःचा डबा दप्तरात घेऊन यायची, तरी जेवायला तिथंच. म्हणायची, “एकटीनं जेवलं की मला भाकरी मोजल्यासारखी वाटती.”

जेवण झालं की डबे धुऊन पुसून ओट्यावर. संध्याकाळी तीच गाडी गावाला मुक्कामी निघायची, तिच्यात ते परत जायचे. आणि इथं काकूंचा एक नियम होता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. आमच्याकडंही ही रीत आहे, शेजारणीची वाटी आली तर निदान चिमूटभर साखर घालून परत करायची. पण काकूंनी ती रीत एस.टी.च्या डब्याला लावली. प्रत्येक डब्यात जाताना काहीतरी असायचंच. कधी दोन लिंबं, कधी पेरू, कधी कागदात चिवडा, कधी चार पिना, कधी दोऱ्याचं रीळ. एकदा आईच्या डब्यात कापसात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या गेल्या. एकही फुटली नाही. आईनं म्हणे त्या भरण्याआधी दोन दिवस कपाटात ठेवून सगळ्या वस्तीला दाखवल्या.

आई आणि काकूंनी एकमेकींना बघितलेलं नव्हतं. आई बारामतीला येईना. ॲडमिशनला आबा, म्हणजे माझे वडील, आले होते. आईला घर, जनावरं, खुरपणी. पण डब्यातनं त्यांचं बोलणं चालायचं. लिंबं आली की दुसऱ्या दिवशी आई लोणचं पाठवायची. रीळ आलं की गोधडीचा एखादा चौकोन, टाके कसे पडलेत ते दाखवायला. मी सुट्टीला गेले की आई विचारायची, “तुझी काकू दिसती कशी?” मी म्हणायचे, तुझ्याच वयाची, चष्मा आहे, बारीक आहे. तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही.

एकदा आईनं काकूंसाठी म्हणून वेगळा छोटा डबा पाठवला. वर कापड, कापडावर पुन्हा कापड, गाठ अशी की सुटता सुटेना. कंडक्टर मामांना बजावलेलं, हा काकूंच्या हातातच द्या. काकूंनी कौतुकानं उघडला. आत भिगवणचा मासा. लाल रस्सा, वर तेल तरंगतंय, आणि मोठा तुकडा डोक्याचा. आमच्यात डोकं मानाच्या माणसाला देतात. आणि काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ.

मी आईला माळेचं कधी सांगितलंच नव्हतं, मला ते सुचलंच नाही. काकूंनी झाकण हळूच लावलं, डबा हातात घेऊन उठल्या, समोरच्या फोटोवाल्याकडं गेल्या. परत आल्या, हात धुतले, पुन्हा जेवायला बसल्या. संध्याकाळी त्या डब्यात त्यांनी खोबऱ्याच्या वड्या भरल्या. मला एवढंच म्हणाल्या, “आईला काही बोलू नकोस हं. तिनं मानानं दिलंय.” मी बोलले नाही. त्यामुळं आईला वाटलं आवडला, आणि सीझन असेपर्यंत फोटोवाल्याची चैन झाली.

माझं दुसरं वर्ष सुरू होतानाच कळलं की कॉलेज बाहेर जाणार. गावाबाहेर, भिगवणच्या रस्त्याला माळ होता. तिथं मोठी जागा घेतली होती, इमारती उठत होत्या. जुन्या इमारतीत मुलं मावत नव्हती. एका वर्गात जिन्यापर्यंत बसायची, प्रॅक्टिकलला एका बर्नरवर चौघं. आधी सायन्स जाणार, मग मुलींचं हॉस्टेल, मागनं आर्ट्स-कॉमर्स.

तिसऱ्या वर्षाला आबा मला सुट्टीनंतर सोडायला आले तेव्हा गाडी त्या माळावर थांबली. नवं कॉलेज पांढरं, तीन मजली, अजून एका बाजूला बांबूची परांची बांधलेली. आबा खाली उतरून बराच वेळ उभेच राहिले. मला वाटलं इमारत बघतायत. मग म्हणाले, “हितं आमची मेंढरं बसायची. त्या वगळीच्या कडंला, पावसाचं पानी जातं तितं. मी एवढासा व्हतो, तुझ्या आज्यासंगं. हितनं हुसकून लावायचे लोक आमाला.” टोपी नीट केली. “आता बग म्हणावं.”

कुणाला बघ म्हणावं ते त्यांनी सांगितलं नाही. माझी बॅग उचलली आणि फाटकातनं आत गेले, ताठ.

मला नवं कॉलेज आवडलं. खोटं कशाला बोलू. प्रयोगशाळेत माझा स्वतःचा बर्नर होता. खिडक्या एवढ्या मोठ्या की ढग वर्गात आल्यासारखे. लायब्ररीत बसायला खुर्ची मिळायची. आणि हॉस्टेलला जागा वाढल्यामुळं आमच्या आसपासच्या गावांतल्या अशा पोरी आल्या, ज्यांचे बाप आधी ‘सोय न्हाय’ म्हणून विषय संपवायचे. कॉलेज गावातच राहिलं असतं तर त्या आल्या नसत्या. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण गल्ली बसली. एकदम नाही. आधी सायकलवाल्यानं चार सायकली विकल्या. मग स्टुडिओवाल्यानं काचेतले फोटो काढले आणि नव्या फाटकासमोर पत्र्याचं शेड टाकलं. बाइंडिंगवाला त्याच्या मागनं गेला. हॉटेलवाला भजी सकाळीच करायला लागला, स्टँडच्या गिऱ्हाइकापुरती. काकूंच्या कपाटातल्या रिबिनींवर धूळ बसली. काकू रोज पुसायच्या ती, मी बघितलंय.

त्यांचे यजमान मोजकं बोलणारे आणि सरळ होते. ते म्हणाले, दुकान बंद कर आणि क्वार्टरला चल. त्यात त्यांचं काही चुकीचं नव्हतं. तिथं स्वतंत्र दोन खोल्या, नळाला पाणी, शेजार. पण काकूंना जायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या दुसऱ्याच्या सोयीनं राहिल्या होत्या आणि ही एक पाटी तेवढी त्यांची होती. शेवटी ठरलं की दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर दुकान उभं राहिलं तर ठीक, नाहीतर मशीन टेम्पोत घालायचं.

हे आम्हाला कळल्यावर आम्ही पोरींनी आमच्या परीनं उपाय काढला. डबे काकूंकडंच उतरवून घ्यायचे. गंमत अशी की आमची गाडी आता कॉलेजच्या फाटकापुढनंच जायची, डबा तिथंच हाताला लागला असता. कंडक्टर मामा म्हणायचे, “पोरींनो, हातातोंडाशी आलेला डबा गावात धाडताय आन् मग उन्हातनं आणाय जाताय. काय शिकताय काय कॉलेजात?” पण आम्ही ऐकलं नाही. दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघीचौघी चालत गावात जायचो, काकूंकडं जेवायचो, एखादी रिफिल नाहीतर टिकलीचं पाकीट घ्यायचो, आणि धापा टाकत परत. रेक्टर बाईंना सांगून ठेवलेलं, डबा आणायला जातो. डब्याला कोण नाही म्हणणार.

श्रावण-भाद्रपद असा गेला. मग एक दिवस प्रॅक्टिकलला उशीर झाला म्हणून सरांनी मला दाराबाहेर उभं केलं. दुसऱ्यांदाही केलं. तिसऱ्यांदा म्हणाले की हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही. मी कुणाला सांगितलं नाही, पण पिंपळीच्या मैत्रिणीच्या पोटात काही राहत नसे. तिनं ते काकूंच्या समोर, भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं.

काकूंनी आमटी वाढली. मला एक वाटी जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावात गेलो तर ओट्यावर पिशवी नव्हती. काकू मशीनवर होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “डबे फाटकावर आहेत तुमचे. वॉचमनकडं. मी सकाळी स्टँडवर जाऊन सांगून आले मामांना.”

मी म्हटलं, “काकू, आम्हाला चालायचा त्रास होत नाही.”

“मला होतो,” त्या म्हणाल्या. “माझ्या दुकानापायी तू वर्गाबाहेर उभी राहतेस, हे मी तुझ्या आईला कशातनं कळवू? लोणच्यातनं?” मग मशीन थांबवून माझ्याकडं बघितलं. “जा बाळ. प्रॅक्टिकल सुरू होईल.”

आम्ही तशाच परत निघालो. फाटकावर वॉचमनच्या खुर्चीखाली डबे होते, उन्हात तापलेले. आम्ही हॉस्टेलच्या जिन्यात बसून खाल्ले. भाजी तीच, भाकरी तीच. संध्याकाळी डबा धुतला आणि फाटकावर कंडक्टर मामांना दिला. अभ्यासाच्या नादात माझ्या मनातही आलं नाही की आपण तो रिकामा देतोय.

आईच्या ते लक्षात आलं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, घाईत राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं डबा उलटा करून बघितला. तिसऱ्या दिवशी तिला झोप लागली नाही. तिच्या बाजूनं काहीच बदललं नव्हतं. गाडी तीच, मामा तेच, डबा तसाच जात होता. मग ज्या बाईनं कधी एक दिवस डबा रिकामा धाडला नाही, तिचा डबा रिकामा का येतोय? ती बाई आजारी आहे, नाहीतर ती बाई राहिलीच नाही. डेअरीत फोन होता, तिथनं हॉस्टेलला लावता आला असता. पण आईच्या मते मेल्याची चौकशी फोनवर करत नाहीत. शिवाय मंगळवारी रात्री कंडक्टर मामांच्या जागी दुसराच कुणी ड्युटीवर होता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसली, आबांना म्हणाली गुरांना पाणी पाजा, आणि गाडीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी बारामतीला निघाली.

गाडी गेल्या गेल्या मी फाटकावर डबा घ्यायला गेले तर वॉचमन म्हणाला, “तुमचा डबा आज नाही. कंडक्टर सांगत होता, तुमची आई गाडीत आहे. ती उतरली नाही इथं. पुढं गेली स्टँडवर.”

आई बारामतीत, आणि मला न भेटता पुढं. घरी काहीतरी वाईट झालंय असंच मला वाटलं. मी तशीच निघाले. माळावरनं गावापर्यंतचा तो रस्ता मी इतक्या वेळा चालले होते, पण त्या दिवशी तो संपता संपेना. त्या दिवशीचं प्रॅक्टिकलही गेलं, पण ते आईच्या नावावर.

गल्लीत शिरले तर काकूंच्या ओट्यावर अंजिरी कापडातला डबा दिसला. आत आई उंबऱ्याला लागून खाली बसलेली, समोर काकू, दोघींच्या मध्ये चहाचे कप. दोघी एकमेकींना नुसत्या बघत होत्या.

मी म्हटलं, “काय झालं?”

“काय न्हाय,” आई म्हणाली. “जित्ती हाय.”

काकूंना हसू आवरेना. चष्मा काढून त्या पदरानं पुसायला लागल्या, आणि नुसतं पुसतच राहिल्या. मग त्यांनी आईला सगळं सांगितलं. “कॉलेज तिकडं गेलं, डबा आता इकडं येत नाही, त्यामुळं त्यात काही घालायला मी नसते.” आणि ओघात हेही सांगितलं, “दिवाळीनंतर मी इथंही नसेन, क्वार्टरला जाईन, तेव्हा बरं झालं तुम्ही त्याआधी आलात.”

आईनं माझ्याकडं बघितलं. तू ह्यातलं काहीच कसं सांगितलं नाहीस, असं होतं तिच्या त्या बघण्यात. मग काकूंना विचारलं, “दुकान का म्हून बंद करताय?”

“गिऱ्हाईक राहिलं नाही ताई. पोरी सगळ्या तिकडं.”

“पोरी तिकडं गेल्या. आमी कुठं गेलो?” आई म्हणाली. “आमी काय कॉलेजात व्हतो व्हय? गाडी तर अजून स्टँडवरच येती. मी आलेच न्हवं तिच्यातनं?”

काकूंची नजर मघापासून आईच्या खांद्यावर होती. आईचं ठेवणीतलं पोलकं पाठीवर चढलेलं आणि काखेत गोळा झालेलं, नेहमीसारखंच. शेवटी त्यांना राहवेना.

“ताई, रागावू नका. हे पोलकं कुणी शिवलं?”

“आमच्या शिंप्यानं. का वो?”

“माप घेतलं होतं का त्यानं?”

“आवं, गडीमाणूस माप कसं घील?” आई म्हणाली. “आमी हुबं ऱ्हायाचं लांब, त्यानं बगायचं आन् कापायचं. समद्या गावाची पोलकी अशीच हायत. हात वर केला की जीव वर जातो.”

“करा बघू हात वर,” काकू म्हणाल्या, आणि गळ्यातली टेप काढली.

माझ्या आईनं हात वर केला. पडद्यामागं, आम्ही जिथं जेवायचो त्या खोलीत, काकूंनी तिचं माप घेतलं. तिच्या आयुष्यात कुणी पहिल्यांदाच घेतलं असेल. मी बाहेर ओट्यावर बसले होते. आतनं आईचं हसू ऐकू आलं, गुदगुल्या झाल्यासारखं. आई असं हसते हे मला माहीत नव्हतं.

माप घेताना आईला काकूंच्या गळ्यातली माळ दिसली. हसू थांबलं आणि आई म्हणाली, “ताई. ते मासं.”

“फोटोवाल्याला दिले,” काकू म्हणाल्या. “पण तो म्हणत होता तिखट फार छान असतं. अजून आठवण काढतो तिकडं शेडमध्ये.”

“आन् तुमी वड्या धाडल्या.”

“मग काय मोकळा डबा धाडू?”

आई संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना डबा घेऊन गेली, त्यात काकूंनी राजगिऱ्याचे लाडू घातले. दोन दिवसांनी तिचं नवं पोलकंही त्याच गाडीनं मागनं गेलं. आणि पुढच्या आठवड्यात मुक्कामी गाडीनं बारामतीत एक गाठोडं उतरलं, फाटकावर नाही, स्टँडवर. आत खणाचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात गुंडाळलेलं एक जुनं पोलकं, मापाला. आईचं नवं पोलकं वस्तीनं बघितलं होतं. आई पाणी शेंदताना, मोळी उचलताना मुद्दाम हात वर करून दाखवत होती, असं आबा सांगायचे. त्या बायांना बारामतीला यायला सवड नव्हती. त्यांची पोलकी येऊ शकत होती. काकू ती जुनी पोलकी मांडीवर पसरून बघायच्या, ही डावखुरी दिसते, ही अजून अंगावर पाजते, ही वाळत चाललीय गं, विचार तुझ्या आईला बरी आहे का. त्या बाया त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

डबा आता दोन ठिकाणी थांबायला लागला. सकाळी फाटकावर माझ्यासाठी. दुपारी मी तो धुऊन वॉचमनकडं ठेवायची, तिथनं गावात जाणाऱ्या कुठल्याही गाडीनं तो काकूंकडं जायचा आणि संध्याकाळी भरून गावी. कंडक्टर मामांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, सरळ जाणारा डबा ह्या बायांनी पुन्हा वाकडा केला. पण चहा त्यांना पुन्हा मिळायला लागला होता, त्यामुळं तक्रार तेवढ्यावरच थांबली.

दिवाळी आली. त्या दिवाळीत काकूंना मान वर करायला सवड नव्हती. आमच्या गावाचं बघून शेजारच्या गावची पोलकी आली, मग लग्नाच्या चुड्यांच्या ऑर्डरी आल्या. यजमान टेम्पोचं बोलायला आले होते, त्यांना काकूंनी काज-बटण करायला बसवलं. त्यांनी ते केलं, मोजकं बोलत. पाडव्याला पेंटर बोलावून पाटीवरचं ‘व स्टेशनरी’ पुसून घेतलं. नुसतं ‘लेडीज टेलर’ राहिलं, आणि त्याच्यापुढं मोकळी जागा.

गल्ली मात्र पूर्वीसारखी झाली नाही. जुन्या कॉलेजच्या इमारतीत कसली कसली ऑफिसं आली, संध्याकाळी सहाला तिथं कुलूप लागायचं. मिसळीचं हॉटेल गेलं. घंटा गेली. फक्त काकूंचा दिवा उशिरापर्यंत असायचा आणि मशीनचा आवाज. मी रविवारी जायची, पडद्यामागं बसायची, पण गोल करायला माणसं पुरायची नाहीत. पिंपळीची मैत्रीण आणि मी, दोघींचा काय गोल होतो.

मी पास झाले, फर्स्ट क्लासमध्ये. तेही सांगून टाकते. डिग्री द्यायचा कार्यक्रम नव्या कॉलेजच्या हॉलमध्ये होता. आबा आले, आई आली, आणि काकूही आल्या. त्या नव्या कॉलेजात पाऊल ठेवायची त्यांची ती पहिलीच वेळ. आई आणि त्या शेजारी बसल्या, दोघींची पोलकी एकाच निळ्या खणाची. माझं नाव पुकारलं तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या, आणि आबा उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

नंतर काकू एकट्याच व्हरांड्यातनं चालत गेल्या. एका वर्गाच्या दारात थांबल्या, आत बाकं बघितली, खिडक्या बघितल्या. मी मागनं गेले. मला वाटलं काहीतरी बोलतील, गल्लीचं, दुकानाचं.

“हवा चांगली येते,” त्या म्हणाल्या. “पोरींना बरं.”

बाहेर लिंबाखाली आबांनी घोंगडं अंथरलं. जिथं मेंढरं बसायची ती वगळ तिथनं दिसत होती, आता तिला दगडी बांध घातलेला. आईनं डबा सोडला. भाकरी, शेंगोळं, ठेचा. मासा नव्हता. आम्ही चौघं जेवलो.

जेवण झाल्यावर आईनं फाटकाजवळच्या नळावर डबा धुतला, पुसला, अंजिरी कापडात बांधला आणि काकूंपुढं धरला. म्हणाली, “आता पोरीला डबा लागायचा न्हाय. ह्यो तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, आठवणीला.”

काकूंनी तो हातात घेतला, जरा हलवून बघितला.

“आठवणीला भांडी ठेवायला मला कुठं जागा आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या संध्याकाळच्या गाडीनं पाठवते. दोन पोलकी झालीत, ती पण येतील. परवा सकाळी तुमच्याकडनं आला पाहिजे.”

मी त्या रात्री माझी ट्रंक घेऊन पुण्याला नोकरीच्या शोधात निघाले. डबा त्याच्या वेळेला गावी गेला. आईनं नंतर सांगितलं, आत बुंदीचे लाडू होते, आणि वर चार पिना.